मोहटोल्याच्या बोडीचे बूच

एक

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, ज्या जलाने चार पिढ्या मोहटोल्याला अन्न दिले, त्याचा तळ गुरुवारी सकाळी उन्हात उघडा पडला होता. आणि पाळीवर, बोडीच्या बांधावर, जमलेल्या म्हाताऱ्यांनी, कोणी सांगितले नसताना, पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या. प्रेतापाशी उभे राहावे तसे ते उभे होते. चिखलात मासे पांढरे पडले होते, बगळे त्यांच्यातून निर्धास्त हिंडत होते, आणि पाळीखाली सिहोऱ्याच्या वाटेपर्यंत पिकत आलेला धान आडवा झाला होता.

ज्योत्सनाबाई रामटेके यांना मात्र एका जागी उभे राहवत नव्हते. एकतीस वर्षे विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. अर्धे गाव त्यांच्या हाताखालून गेले होते. मंगळवारपासून त्यांच्या मनात काहीतरी सलत होते, तळपायात मोडलेल्या काट्यासारखे. दिसत नव्हते, पण प्रत्येक पावलाला जाणवत होते.

मंगळवारी सूर्योदयाला पाळीखालून गर्जना झाली. लोक धावले तोवर भुयारातून पाण्याचा लोंढा सुटला होता. बुधवारच्या सायंकाळी बोडी रिकामी झाली, आणि तुडुमाचे सर्वांत खालचे बूच जागेवर नाही हे सर्वांनी पाहिले.

तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातले पायऱ्यांचे दगडी विवर. प्रत्येक पायरीला एक भोक, आणि भोकात वरून बसवलेले लाकडी बूच. शेताला पाणी हवे असेल तेव्हा वरचे बूच काढायचे. पाणी उतरले की त्याखालचे. काढलेले पाणी पायऱ्यांखालच्या भुयारातून पाळीपलीकडच्या पाटात जाते. तळाचे बूच होळीपूर्वी कोणी काढत नाही, कारण तिथले पाणी माशांचे. बूच ठोकायचे नाही, हाही रिवाज. हलक्या हाताने बसवायचे, ठोकण्याचे काम पाणीच करते. आणि तळाच्या बुचाच्या कडेने जे थोडे पाणी झिरपते, ते तुडुमाच्या राखणदाराच्या बांधीचे, म्हणजे त्याच्या धानाच्या खाचराचे.

गेल्या चैत्रात भुयाराच्या बाहेरच्या तोंडाला लोखंडी कवाड बसवले होते. चाक फिरवले की ते वर-खाली होई. पाळीला धोका झाला तरच ते खाली सोडायचे, एरवी उचललेले ठेवायचे, असा ठराव होता. कल्पना ज्योत्सनाबाईंची. लोंढ्यात ते कवाडही चौकटीसकट उखडून पाटात पडले होते.

"बूच कोन काढू शकते, सांगा ना!" मच्छीमार संस्थेचा सचिव लिलाधर तारस्वरात म्हणाला. "बूच ओढाचा आकडा गावात एकच, अन् तो तुलारामबुढ्याच्या घरात. तुडुमात उतरायचं कसं, हे त्यालेच ठाऊक. आमचे मासे गेले जी, वर्षाचं पोट गेलं!"

तुलाराम हा तुडुमाचा राखणदार. वय बहात्तर. त्याच्या पणज्यापासून हे काम त्या घरात होते. तो पाळीवर गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसला होता.

सरपंच मंदाबाईंनी हात वर केला. "चार वाजता सभा. तवापर्यंत कोनाले काही सांगायचं असंल तर सांगा. नाईतर तुलारामजीचं राखणदारपन जाईल अन् पोलिसात कागद जाईल. मले दुसरा रस्ता नाई."

लोक पांगले. ज्योत्सनाबाई म्हाताऱ्यापाशी वाकल्या. "तुलारामजी, बूच तुम्ही काढलंत?"

तुलारामने प्रथमच मान वर केली. डोळे लाल होते.

"बूच मी नाई काढलं, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "पन पाप माह्याच हातचं हाय."

आणि काठी टेकत तो उठून गेला.

दोन

नऊ वाजले होते. सात तास हाती होते.

ज्योत्सनाबाई पदर खोचून तुडुमाच्या पायऱ्या उतरल्या. ज्या दगडांना वर्षानुवर्षे केवळ पाण्याचा स्पर्श होता, त्यांवर पाऊल ठेवताना त्यांनी मनोमन क्षमा मागितली. वरच्या पायऱ्यांवरची बुचे जागच्या जागी होती. बीजाच्या लाकडाची, पाणी पिऊन दगडासारखी जड झालेली. तळाचे भोक तेवढे उघडे. त्यांनी वीत लावून पाहिली; बरोबर वीतभर रुंद. मग वर पाहिले. पूर्ण भरलेल्या पाण्याची ओली रेघ बारा फुटांवर होती.

वीतभर रुंद आणि बारा फूट उंच असा पाण्याचा स्तंभ त्यांनी डोळ्यांपुढे उभा केला. बोडी एकराची असो वा शंभर एकरांची, द्रवाला त्याचे सोयरसुतक नसते. त्याचा दाब खोलीवर ठरतो. त्या स्तंभाचे वजन दीड क्विंटल भरले. धानाचे भरलेले दोन बोरे! भुयार रिकामे, म्हणजे खालून आधार काहीच नाही. हा सगळा भार बुचाच्या माथ्यावर. बहात्तर वर्षांचा तुलाराम आकड्याने ते बूच ओढणार? त्याला ते जागचे हलवताही आले नसते. होळीला पाणी गुडघाभर उरते, म्हणून तेव्हा ते निघते.

"पाहून राहिल्या का, मॅडम?" वरून आवाज आला. अंकुश पायऱ्या उतरत होता. पाळीखाली पाच एकर धान असलेला उंचापुरा शेतकरी. आठ दिवसांपूर्वी याच अंकुशने, शेवटच्या पाण्यासाठी वरचे बूच काढा, म्हणून सभेत टेबलावर मूठ आपटली होती. "लोकं माह्यावर पन संशय घेऊन राहिले. म्हनतात, अंकुशनं दोन गडी घेऊन ओढलं. मी माह्याच धानावर लोंढा कायले सोडीन जी? पानी पाहिजे होतं, पूर नाई!"

"मंगळवारी तू उडी मारलीस म्हणे?"

"मारली ना. पोतं कोंबून भोक बुजवू म्हटलं. पाय जवळ गेला अन् गपकन धरला, भुतानं धरल्यावानी. दोघांनी दोरानं वर ओढलं, म्हनून वाचलो." त्याने पँट वर केली. पायाभोवती काळेनिळे कडे उमटले होते.

"भूत नव्हे. तुझ्या पायाच्या वर बारा फूट पाणी आणि खाली पोकळी. सातवीत शिकवलं होतं मी."

"तवा मी मागच्या बाकावर होतो, मॅडम," अंकुश ओशाळून हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांचे पाऊल पुन्हा अस्वस्थपणे हलू लागले होते. "बूच कुठे आहे, अंकुश?"

"वाहून गेलं असंल पाटानं."

"ते वर जाडं आणि खाली निमुळतं. वरून बसवायचं. भोकातून खाली जाणारच नाही. ते बोडीतच असलं पाहिजे. दोन दिवसांत कोणी शोधलं?"

कोणीही शोधले नव्हते. चोराच्या नादात चोरीची वस्तू गाव विसरून गेले होते.

दोघे काठाकाठाने निघाले. तळ पाहिला, खळगे पाहिले, कमळाच्या कुजत्या देठांत हात घातले. अर्धी बोडी चालून झाल्यावर, तुडुमाच्या नेमक्या समोरच्या काठावर, अंकुश थबकला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ते तिथं कसं गेलं जी?"

बेशरमच्या झुडपात, दोघांच्या डोक्यांहून उंच, ते बूच फांद्यांच्या बेचक्यात अडकून बसले होते.

तीन

अंकुशने ते काढून दिले. बाईंच्या हाती ते आश्चर्य वाटावे इतके हलके लागले.

"सावरीचं हाय," अंकुश म्हणाला. "जुनं झिजलं होतं. यंदा बीजा भेटला नाई, म्हनून पावसाळ्याआधी सावरीचं करून बसवलं."

बुचाच्या माथ्यावर आकडा अडकवण्याची लोखंडी कडी होती. बाईंनी चष्मा पुसला आणि ती उन्हात धरली. कडीच्या आतल्या बाजूला हिरवे शेवाळ दाटून बसले होते, नवजात बालकाच्या जावळासारखे मऊ, अखंड. आकडा लागला असता, ओढ बसली असती, तर ते पहिल्याच घर्षणाने निघाले असते.

हे बूच कोणी ओढलेलेच नव्हते.

पण त्याहून मोठे कोडे झुडपात होते. बाईंनी फांदीवरच्या खुणेकडे पाहिले. पाण्याची जुनी ओली रेघ तिथून गेली होती, आणि बूच नेमके त्या रेघेवर अडकले होते. पाणी उतरू लागल्यावर ते सुटले असते, तर ओढीने तुडुमापाशीच घोटाळले असते, नाहीतर पाण्याबरोबर खाली उतरत तळाच्या चिखलात बसले असते. ते बोडीच्या या टोकाला आले, आणि इतक्या उंचावर राहिले. म्हणजे ते तरंगत आले तेव्हा बोडी काठोकाठ भरलेली होती.

"अंकुश, सोमवारी बोडी किती होती?"

"रेघेले लागून. संध्याकाळी म्या पाहिली ना."

"आणि मंगळवारी सूर्योदयापर्यंत पाटात पूर नव्हता."

"नाई."

बाई चिखलातच येरझारा घालू लागल्या. तळाचे भोक उघडे, वर बारा फूट पाणी, आणि तरीही ते पाणी तासन्‌तास जागच्या जागी? जल असे कधी करत नाही. त्याला वाट दिसली की ते जाते. तो त्याचा धर्म आहे. ते गेले नाही, त्या अर्थी पुढे वाट नव्हती.

त्यांची पावले थांबली. दोन दिवस सलणारा काटा एकाएकी हाती लागला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या अंगणातला निघाला.

"कवाड," त्या पुटपुटल्या. "अरे देवा, ते कवाड!"

चार

पाळीपलीकडे पाटात ते लोखंडी कवाड चौकटीसकट पडले होते. लोक दोन दिवस त्याच्यावरून ये-जा करत होते. ठरावाप्रमाणे ते पूर्ण उचललेले असायला हवे होते. बाईंनी मळसूत्राच्या दांडीवरचा गाळ पुसला. पत्रा चौकटीच्या तळापासून जेमतेम दोन बोटे वर होता. कोणीतरी ते पूर्ण बंद केले होते. नंतर कोणीतरी चाकाचे दोनच फेरे उघडले होते, आणि तेवढ्यात चौकट उखडली होती.

बंद करणारा कोण? उघडणारा कोण?

चाक जिथे होते ती जागा लोंढ्याच्या वर होती, पण पाळीच्या पाझराने बारमाही दलदलीची. तिथे दोन प्रकारच्या खुणा होत्या. एक, अनवाणी पावलांची, घोट्याएवढी खोल. दुसरी पाहून बाई गुडघ्यांवर बसल्या. लांबट, सपाट, हात-सव्वा हात रुंद, आणि खोली नखाएवढी. फळीची खूण.

कोणताही माणूस घ्या, भार तेवढाच. पण पावलावर तोलला तर चिखलात रुततो, फळीवर पसरला तर तरंगल्यासारखा पार जातो. हे धान लावणाऱ्याला लागत नाही; तो गुडघाभर चिखलात उतरतो आणि उतरलेलाच राहतो. फळी लागते उन्हाळ्यात चिखलावरून जाळे ओढणाऱ्याला. आणि मच्छीमाराला पाळीच्या या बाजूला येण्याचे प्रयोजनच नव्हते.

एक पाऊल त्या फळीच्या खुणेवरच उमटले होते. फळी आधी, पाऊल नंतर. बाई आधी मच्छीमार संस्थेच्या सचिवाच्या घरी गेल्या.

शकुन, म्हणजे लिलाधरची बायको, अंगणात मेलेले मासे वाळत घालत होती. बाईंना पाहताच तिने पाट पुढे केला. बाई बसल्या नाहीत.

"शकुन, तुमची चिखलातली फळी कुठे आहे गं?"

"ते काय, भिंतीले लावली. सोमवारी सांजेले धुतली ना यायनं. मी म्हटलं, बोडी भरून हाय, मंग फळी कोनत्या चिखलात नेली? तं मले म्हनते, तू तुह्यं काम कर." ती थांबली. बाईंचा चेहरा पाहून तिच्या हातातला मासा खाली पडला. "काहून, बाई? काय झालं?"

"अजून काही नाही," बाई म्हणाल्या. "चार वाजता सभेला ये."

तुलाराम घराच्या ओट्यावर बसला होता. समोर ताटातला भात तसाच होता. बाईंनी एकच प्रश्न विचारला. "मंगळवारी तुमच्या बांधीला झिरपेचं पाणी आलं नाही, होय ना?"

म्हाताऱ्याने ताट बाजूला सारले.

"थेंब नाई. निसवला धान उभा होता. जाऊन पायलं तं कवाड खाली. म्या चैत्रात साऱ्या गावासमोर शपथ घेतली होती, बाई, त्या लोखंडाले हात लावनार नाई म्हनून. पन हात लावला. दोन फेरे फिरवले, अन् पानी अंगावर आलं, वाघावानी. शपथ मोडली, म्हनून बोडी गेली. आता मी कोनाले काय सांगू?"

बाईंनी घड्याळ पाहिले. साडेतीन. वाटेत एका घरातून त्यांनी पाण्याची एक रिकामी बाटली मागून घेतली, आणि शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींकडून टेबलटेनिसचा पांढरा, पिटुकला चेंडू.

पाच

ग्रामपंचायतीच्या आवारात गाव दाटले होते. लिलाधरचे बोलून झाले होते, आणि मंदाबाईंनी लेखणी उचलली होती, तेव्हा ज्योत्सनाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात बूड कापलेली बाटली होती, उलटी धरलेली, तोंड खाली आणि झाकणाविना.

"ही आपली बोडी," त्या म्हणाल्या. "हे तोंड म्हणजे तुडुमाखालचं भुयार. आणि हे तळाचं बूच." त्यांनी चेंडू आत टाकला; तो तोंडाशी जाऊन बसला. मग वरून तांब्याने पाणी ओतले. बाटली भरली. तळातून थेंब थेंब गळू लागले, पण चेंडू जागचा हलला नाही.

"चेंडू हलका आहे. पाण्यावर तरंगायला हवा. का तरंगत नाही?"

"पान्यानं दाबला," अंकुश मागून ओरडला.

"शाब्बास. उशिरा का होईना. वरून पाणी दाबतं, खालून कोणी उचलत नाही. आपलं बूच हातोडीनं नव्हे, पाण्यानं ठोकलेलं असतं. लिलाधर, पुढे ये. थेंब वाया जात आहेत. तळहातानं हे तोंड बंद कर."

"मी कायले?"

"कर ना जी," मंदाबाई म्हणाल्या.

लिलाधर अनिच्छेने पुढे आला. त्याने तळहात बाटलीच्या तोंडावर दाबला. गळती थांबली. क्षणभर काहीच झाले नाही. चेंडूच्या कडेने पाणी झिरपून त्याच्या खालची पोकळी भरली, आणि मग, कोणाचाही स्पर्श न होता, चेंडू सुटला आणि टुपकन वर येऊन तरंगू लागला.

मागच्या रांगेतले लोक पाहायला उठून उभे राहिले.

"आता हात काढ."

त्याने हात काढताच सारे पाणी भळकन त्याच्या पायांवर सांडले. चेंडू खाली आला तोवर बाटलीत काही उरले नव्हते.

"कोणीतरी सोमवारी संध्याकाळी कवाड बंद केलं," बाई सावकाश म्हणाल्या. "झिरप भुयारात साठली, भुयार भरलं, आणि पाणी खालूनही तितकंच दाबू लागलं. बीजाची बुचं जड म्हणून राहिली. सावरीचं हलकं बूच आपोआप वर आलं, आणि वाऱ्यानं समोरच्या काठाला लागलं. हे पाहा, कडीतलं शेवाळ बोटानंही मोडलेलं नाही. रात्रभर बारा फूट पाणी एका लोखंडी पत्र्यावर तोललेलं होतं, आणि गावाला कळलं नाही. मंगळवारी तुलारामजींनी दोन फेरे उघडले. दुसऱ्या कोणी उघडलं असतं तरी हेच झालं असतं. बंद करणारा मात्र फळीवरून आला होता."

लिलाधर ओल्या पायांकडे पाहत होता. गर्दीतून शकुनचा आवाज आला, फार मोठा नव्हता. "सांगून टाका जी. म्या फळी पायली हाय."

"म्या..." लिलाधरचा तारस्वर कुठल्या कुठे गेला होता. "म्या झिरपच अडवली होती. म्हटलं, आमच्या माशाचं पानी बुढ्याच्या बांधीत कायले जावं? सकाळी उचलून देईन म्हटलं. मंग पूर आला. मले खरंच वाटलं, झिरप अडवल्याच्या रागानं यानंच बूच ओढलं. पन कवाडाचं सांगितलं असतं तं..." त्याने तळहाताकडे पाहिले. "मंग मीच काढलं का बूच? या हातानं?"

 तो तुलारामपुढे जाऊन खाली बसला आणि म्हाताऱ्याच्या पायांशी त्याने डोके टेकले. तुलारामने त्याला उठवले नाही, दूरही केले नाही.

मंदाबाईंनी वही पुढे ओढली. "राखणदारपन तुलारामजीकडंच राहील. पोलिसात कागद जानार नाई. संस्था अन् गाव मिळून भुयाराचं तोंड पुन्हा बांधू. पन दोष कोनाचा लिहू? लिलाधरचा?"

"लिहा," ज्योत्सनाबाई म्हणाल्या. "पण त्याच्या आधी माझं नाव लिहा. कवाड मी सुचवलं. एकतीस वर्षं मी मुलांना हाच चेंडू दाखवला, आणि बोडीपाशी येऊन तो विसरले. चैत्रात तुलारामजी एकटे म्हणाले होते, भुयाराचं तोंड मोकळं पाहिजे, पाण्याला कोंडू नका. मी हसले होते."

"माहा पणजा म्हने तसं," तुलाराम म्हणाला. तीन दिवसांत प्रथमच त्याचा आवाज सरळ निघाला. "काहून, ते त्यालेही ठाऊक नव्हतं असंल. तुमी इचारलं असतं, बाई, तं मले सांगता आलं नसतं."

"मला सांगता आलं असतं," बाई म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."

त्या खाली बसल्या. मंगळवारपासून प्रथमच स्वस्थ. रिकामी बाटली त्यांनी मांडीवर ठेवली. तिच्या तोंडातून उरलेले थेंब अजून गळत होते, आणि शेजारी बसलेल्या तुलारामने, सवयीने, त्यांच्याखाली आपली ओंजळ धरली.